मदत हवी आहे: गल्प ५ वर आल्यापासून स्कॅन केलेल्या पानांच्या जेपीजी उघडत नाहीत

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक आणि हस्तलिखित नोंदवह्या स्कॅन करून ठेवायचं काम आम्ही काही जण मिळून करतोय. पानं अकरा हजारांच्या घरात. बरीचशी फ्लॅटबेड स्कॅनरवर केली, मोठ्या वह्यांचे मोबाइलने फोटो काढले. प्रत्येक पानाची एक जेपीजी आणि ओसीआर करून (चित्रातली अक्षरं ओळखून) काढलेल्या मजकुराची एक टीएक्सटी फाइल, अशी जोडी आहे.

गल्पकडे (फाइलींवरची ठरलेली कामं आपोआप करणारं साधन) दोन कामं आहेत. मूळ फाइल जशीच्या तशी संग्रहाच्या फोल्डरमध्ये टाकायची, आणि शार्प हा प्रतिमांवर काम करणारा प्रोग्राम वापरून १६०० पिक्सेल रुंदीची वेबपी (वेबसाठीचा प्रतिमा-प्रकार) प्रत संकेतस्थळासाठी काढायची. गल्प ४ वर हे विनातक्रार चालायचं. नव्या लॅपटॉपवर गल्प ५ बसवलं आणि आता शार्प पहिल्याच पानाला अडतं: ‘इनपुट बफर कंटेन्स अनसपोर्टेड इमेज फॉरमॅट’, म्हणजे मिळालेला डेटा त्याला ओळखता येणाऱ्या प्रतिमा-प्रकारातला नाही. संग्रहाचं काम मात्र एकही एरर न दाखवता पूर्ण होतं, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते, कारण त्यातली एकही जेपीजी उघडत नाही. २.१ एमबीची फाइल तिकडे ३.८ एमबीची होते!

शार्प काढून पुन्हा बसवलं, डिस्क बदलून पाहिली, फरक नाही. शार्पला थेट फाइलचा पाथ दिला तर वेबपी छान निघते, फक्त मोबाइलवरची पानं आडवी येतात. टीएक्सटी फाइली तर अगदी व्यवस्थित, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही.

मूळ स्कॅन बाहेरच्या डिस्कवर आहेत. पण काही वह्यांचे कागद हात लावला की तुटतात, त्या पुन्हा स्कॅन होणार नाहीत. त्यामुळे कारण कळल्याशिवाय पुढे जायची हिंमत होत नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद १
स्कॅनरची एखादी मूळ जेपीजी आणि तिची बिघडलेली प्रत हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट्स जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) उघडा. सुरुवातीचे बाइट्स काय दिसतात?

धागाकर्ता
मूळ: एफएफ डी८ एफएफ ई०, मग ०० १०, मग जेएफआयएफ ही अक्षरं. बिघडलेली: ईएफ बीएफ बीडी हे त्रिकूट चार वेळा, त्यानंतर तेच ०० १० आणि जेएफआयएफ.

प्रतिसाद १
मग शार्पचा यात काही दोष नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या गल्प ५ पासून एसआरसी (गल्पचं फाइली वाचणारं फंक्शन) प्रत्येक फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइट्समध्ये साठवायची पद्धत) मजकूर समजून वाचतं. यूटीएफ-८ मध्ये न बसणारा बाइट दिसला की त्याजागी ‘�’ हे चिन्ह येतं, आणि ते तीन बाइट्सचं असतं: ईएफ बीएफ बीडी. तुमचे पहिले चार बाइट्स असेच गेले. जेएफआयएफ ही साधी अक्षरं असल्यामुळे वाचली. आकार फुगला तोही यामुळेच. टीएक्सटी फाइली मुळातच यूटीएफ-८ आहेत, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. पाथ दिल्यावर शार्प स्वतः डिस्कवरून वाचतं, गल्प मध्ये येतच नाही.

उपाय: जेपीजी उचलणाऱ्या प्रत्येक एसआरसीला दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘एन्कोडिंग: फॉल्स’ द्या. टीएक्सटीसाठी वेगळं एसआरसी ठेवा, तिथे काही बदलू नका.

बिघडलेल्या प्रती दुरुस्त करायच्या नादी लागू नका. एफएफ काय आणि डी८ काय, दोन्हींचं एकच चिन्ह झालंय. मूळ बाइट कोणता होता हे त्यातून कळणार नाही. त्या सरळ काढून टाका.

आडव्या पानांबद्दल: फोटो कसा धरायचा हे मोबाइल एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलीतच साठवलेली माहिती) लिहितो आणि शार्प वेबपी लिहिताना एक्झिफ गाळतं. रीसाइझच्या आधी रोटेट बोलवा, कंसात काहीही न देता. मग पान आधी सरळ होतं, माहिती नंतर गळते.

प्रतिसाद २
माझं आग्रहाचं सांगणं, संग्रहाची प्रत गल्पमधून नेऊच नका. ज्या फाइलीत एक बाइटही बदलायचा नाही ती नोडच्या (गल्प ज्यावर चालतं ती जावास्क्रिप्ट प्रणाली) एफएस या भागातल्या कॉपीफाइलने हलवा आणि दोन्हीकडचा शा-२५६ (फाइलीच्या बाइट्सवरून काढलेला ठसा) जुळवून पाहा. नोडच्या क्रिप्टो या भागात त्याची सोय आहे. एरर आली नाही म्हणून काम बरोबर झालं असं संग्रहाच्या बाबतीत धरून चालत नाही.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. ‘एन्कोडिंग: फॉल्स’ दिल्यावर शार्प न अडता चाललं, मोबाइलवरची पानं सरळ आली. संग्रहासाठी कॉपीफाइल लावलंय. पहिल्या नोंदवहीच्या सगळ्या पानांचे शा-२५६ जुळले. न जुळणाऱ्या फाइलीचं नाव वेगळ्या यादीत जाईल आणि काम तिथेच थांबेल अशी व्यवस्था केली आहे. बाकीच्या वह्या आज रात्री लावतो.