फोटो हाताने एडिट करता की एआयवर सोपवता? आपापले अनुभव लिहा

फोटो काढणं हा ज्यांचा धंदा नाही पण रविवारची अख्खी सकाळ कर्व्ह (उजेड-सावलीचा तोल साधणं) आणि मास्कमध्ये (फोटोचा हवा तेवढाच भाग निवडणं) जाते अशा सगळ्यांसाठी हा धागा. फोटोशॉप ७ मध्ये डाग घालवणारा हीलिंग ब्रश आला २००२ साली, २०१० मध्ये फोटोशॉप सीएस५ बरोबर नको ती वस्तू काढून जागा आपोआप भरणारं कंटेंट अवेअर फिल आलं, आणि दोन्ही वेळेला जुने लोक म्हणाले की आता हातात काही राहिलं नाही. तरी ती टूल्स तुमच्याच फोटोतला तुकडा उचलून दुसरीकडे लावत होती. २०२३ पासून जे जनरेटिव्ह प्रकरण आलंय ते फोटोत मुळात नसलेली गोष्ट आणून ठेवतं, हा मला मोठा फरक वाटतो. म्हणून नुसती मतं नकोत. कुठला फोटो होता, त्यात काय करायचं होतं, टूल कुठे कामाला आलं आणि कुठे शेवटी हातच लावावा लागला, ते जरा सविस्तर लिहा.

*

मी साताऱ्याकडची. आमच्या घरात पणजीचा एकच फोटो आहे, पोस्टकार्डापेक्षा लहान, मधोमध घडीची चीर गेलेली, डाव्या गालाजवळचा पापुद्रा निघालेला. भावाने तो मोबाईलवर घेऊन एका ॲपमध्ये टाकला आणि अर्ध्या मिनिटात चकचकीत होऊन आला, डोळ्यात चमक काय, भुवया रेखीव काय, सगळ्यांनी वा वा केलं. आजीने मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "आईचं गोंदण कुठं गेलं?" कपाळावरचे तीन ठिपके आणि हनुवटीवरचा एक, चारही साफ. बरोबरच आहे म्हणा, त्या टूलला जुन्या फोटोतला काळा ठिपका म्हणजे एकतर बुरशी नाहीतर कातडीवरचा डाग, गोंदण हा प्रकार त्याला कोण सांगणार? ते चेहरा दुरुस्त करत नाही, पुसट चेहऱ्याच्या जागी त्याने आजवर बघितलेल्या चेहऱ्यांवरून एक नवीन चेहरा बसवतं, हे मला तेव्हा नीट कळलं.

मग मी तो फोटो १२०० डीपीआयला स्कॅन करून घेतला आणि आजीला शेजारी बसवून एडिटिंग केलं. स्क्रीनवर झूम करायचं आणि विचारायचं, हे गोंदण का डाग? हे लुगड्याचं काठ का चीर? तिला सगळं पाठ होतं. नथ नव्हती, मोरणी होती, हेही तेव्हाच कळलं, आणि त्या ॲपने तिथे भलतंच काहीतरी गोल चमकणारं काढलं होतं. घडीची चीर क्लोन स्टॅम्पने (शेजारचा तुकडा उचलून छापणारं टूल) वेगळ्या लेअरवर, म्हणजे मूळ फोटोवरच्या वेगळ्या थरावर, भरली, एकदम लहान ब्रश घेऊन. पण गालाजवळचा पापुद्रा गेलाय तिथे मी काहीच काढलं नाही, आजूबाजूच्या राखाडी रंगाशी जुळेल एवढाच टोन भरला आणि सोडून दिलं. तिथे कान कसा होता हे आजीलाही आठवत नाही, मग मी कशाला काढू. या कामाला सुट्ट्यांमागून सुट्ट्या गेल्या आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, कारण पणजीबद्दल जेवढं मला आज माहिती आहे तेवढं सगळं त्या स्क्रीनसमोर बसून ऐकलेलं आहे.

*

काजवे! मे संपता संपता ते पहिला जोराचा पाऊस पडेपर्यंत आम्ही भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची यापैकी कुठेतरी असतोच. काजव्यांचा फोटो म्हणजे ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता तीस-तीस सेकंदांच्या फ्रेम घेत राहायच्या आणि घरी येऊन त्या लेअर म्हणून एकावर एक ठेवून ब्लेंड मोड लायटन करायचा, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यात उजळ पिक्सेल तेवढा राहतो, मग प्रत्येक फ्रेममधला उजेडाचा ठिपका वर येतो. अडचण अशी की जवळचा काजवा मोठा दिसतो पण लांबच्या झाडावरचा म्हणजे जेमतेम दोन-चार पिक्सेल, पिवळट हिरवे. एआय डिनॉइज (अंधारातल्या फोटोतला दाणेदारपणा म्हणजे नॉइज काढणारं टूल) सरसकट लावलं की ते पिक्सेल नॉइज समजून पुसले जातात आणि मागचं झाड जे खरं तर लखलखत होतं ते काळंठिक्कर होतं. आणि मी त्याच झाडासाठी चढून गेलेलो असतो!

आता मी जमीन आणि आकाश यांच्यापुरता मास्क करून तिथेच डिनॉइज मारतो, झाडांना हात लावत नाही. हॉट पिक्सेल (सेन्सरच्या दोषामुळे उगाच चमकणारे ठिपके) काढायला तिथेच लेन्सला टोपी लावून तेवढ्याच सेकंदांची काळी फ्रेम घेऊन ठेवायची आणि ती वजा करायची, जुनी पद्धत आहे पण ती काजव्याला आणि सेन्सरच्या चुकीला वेगळं ओळखते. अजून एक कळकळीने सांगतो, फोटो टाकताना किती फ्रेम एकत्र केल्यात ते खाली लिहा. लोकांना वाटतं एका क्षणी एवढे काजवे असतात, मग तिथे जाऊन निराश होतात आणि टॉर्च मारत झाडांखाली फिरतात, त्याने काजव्यांचं मीलन बिघडतं.

*

वर गोंदणाचं वाचलं आणि लिहायला बसलो. माझे वडील कोल्हापुरात एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. तिरकं लाकडी डेस्क, मधे काच, खाली आरसा, खिडकीतला उजेड आरशावरून काचेत आणि काचेवर निगेटिव्ह. पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून घासून सुईसारखं लांब करायचे, निगेटिव्हवर आधी मीडियम नावाचं चिकट द्रव्य चोळायचं म्हणजे शिसं धरतं, आणि मग भिंगातून बघत बारीक बारीक टिंब देत बसायचे. निगेटिव्हमध्ये सुरकुती म्हणजे पारदर्शक रेघ, तिच्यात शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती जागा उजळते. काळा ठिपका हवा असेल तर उलट, धारदार पात्याने इमल्शन अगदी हलकं खरवडायचं, जरा जोर झाला की निगेटिव्ह कामातून गेली.

त्यामुळे हाताने केलं म्हणजे खरं आणि मशीनने केलं म्हणजे खोटं असं मी म्हणणार नाही. लग्नासाठी पाठवायच्या फोटोतले देवीचे व्रण वडिलांनी कितीतरी मुलामुलींच्या चेहऱ्यावरून घालवलेत. पण ते समोरच्याला विचारायचे. व्रण ठेवायचे का काढायचे, तीळ ठेवायचा का, चष्म्यावरची चकाकी घालवू का. एकदा एक बाई म्हणाल्या की कपाळावरची खोक राहू द्या, ती माझ्या मुलाची ओळख आहे, मुलगा तेव्हा मिलिटरीत होता. वडिलांनी ती तशीच ठेवली आणि बाकीचा चेहरा स्वच्छ केला. आणि गोंदणाला त्यांनी कधीच हात लावला नाही, कारण ते गोंदण आहे हे त्यांना बघताक्षणी कळायचं. मी स्वतः एआय वापरतो, स्कॅनवरची धूळ काढायला तर सर्रास वापरतो, फक्त चेहऱ्यावर आलो की स्लायडर शून्यावर आणतो आणि ज्याचा फोटो आहे त्याला फोन लावतो.

*

डोंबिवली. निवृत्त शिक्षिका, बोटांना संधिवात. गच्चीतल्या फुलांचे फोटो काढते. कृष्णकमळाच्या त्या जांभळ्या केसरांभोवती माउसने मास्क करणं मला आता शक्यच नाही, दहा मिनिटांत बोटं आखडतात. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून एका क्लिकवर सब्जेक्ट म्हणजे फोटोतला मुख्य विषय सिलेक्ट होतो, तो मास्क तंतोतंत येतो आणि मग पाठचा भाग किती काळोखा करायचा, जांभळा किती ठेवायचा हे माझं मी ठरवते. या सोयीमुळे माझा छंद टिकलाय. हाताने करणाऱ्यांचं मला कौतुक आहे पण हातच चालत नसतील त्यांच्यासाठी हे टूल म्हणजे मोठा आधार आहे, हेही इथे कुणीतरी लिहायला हवं होतं म्हणून लिहिलं.

*

माझं क्षेत्र जरा वेगळं आहे. सुट्टी मिळाली की मी गावोगावचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड), गद्धेगाळ आणि शिलालेख बघत फिरतो आणि त्यांचे फोटो जमवतो. गद्धेगाळ म्हणजे वर चंद्र-सूर्य, मधे लेख आणि खाली गाढवाचं ते शापाचं शिल्प, शिलाहार आणि यादव काळातले बरेच सापडतात, कुठे देवळाच्या पायरीला तर कुठे बांधावर. ऊनपावसाने अक्षरं इतकी झिजलेली असतात की व, ब, च, ध यात फरक करायचा तर एका बारीक रेघेवर सगळं अवलंबून. आणि शकाचा आकडा असेल तर एक आकडा चुकला की लेख शंभर वर्षं इकडे तिकडे!

अशा फोटोला एआय शार्पनिंग लावलं की दगडाचा टवका उडालेला असतो तोसुद्धा सुबक रेघ होऊन येतो. दिसायला फोटो एकदम भारी, वाचायला निरुपयोगी, उलट घातकच, कारण वाचणारा त्या रेघेवर विश्वास ठेवतो. एका ग्रुपवर असाच एक फोटो फिरत होता आणि लोक त्यातली अक्षरं लावत बसले होते, प्रत्यक्ष दगडाजवळ जाऊन बघितलं तर त्या ओळीत निम्मी अक्षरं उडालेलीच आहेत.

खरं एडिटिंग दगडासमोरच सुरू होतं. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जायचं, म्हणजे तिरप्या उजेडात खोदलेल्या रेघेत सावली पडते. दगड सावलीत असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट ठेवून टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून धरायचा, एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून. घरी येऊन चारही फोटो लेअर म्हणून लावायचे आणि एकेक चालू-बंद करत बघायचं. खोदलेली रेघ असेल तर उजेडाची बाजू बदलली की तिची सावलीही बाजू बदलते, आणि नुसता डाग किंवा शेवाळ असेल तर तो चारही फोटोंत होता तसाच राहतो. या एका युक्तीने निम्मे वाद मिटतात. मग ब्लॅक अँड व्हाइट, थोडा कर्व्ह, बस. फोटो लेअरमध्ये जुळवायला सॉफ्टवेअरचं ऑटो अलाइन वापरतो, त्यात काही बिघडत नाही. आणि हात जोडून विनंती, अक्षरं दिसावीत म्हणून दगडावर पीठ, खडू, तेल काहीही लावू नका.

*

मी लातूरची, कॉलेजला आहे, लॅपटॉप नाही, सगळं फोनवर. स्नॅपसीड हे एडिटिंगचं ॲप फुकट आहे आणि त्यातले कर्व्ह शिकले तर खूप काही होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये साडीतल्या एआय फोटोंची लाट आली तेव्हा आम्ही सगळ्या मैत्रिणींनी करून बघितले, मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मी नऊवारी मागितली तर प्रत्येक वेळी साधी गोल साडीच, काष्टा कुठेच नाही, पदर हवेत उडतोय आणि मागे मावळता सूर्य. मग आईची खरी नऊवारी नेसून दारात फोटो काढला, काकूने नेसवून दिली. उजेड कमी होता, चेहरा स्नॅपसीडच्या सिलेक्टिव्हने (ठरावीक भागच बदलणारं टूल) उजळला, भिंतीचा पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने काढला. तो फोटो माझा आहे असं वाटतं.

*

भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला पहाटे बोटीत बसलं की आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता, वाढवली की नॉइज येतो) ३२००, ६४०० शिवाय पर्याय नसतो, त्यामुळे डिनॉइजबद्दल मी फक्त चांगलंच लिहीन. २०२३ मध्ये लाइटरूममध्ये एआय डिनॉइज आल्यावर मी जुन्या रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेला मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा) उघडून रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचे कित्येक फोटो परत केले. रॉ जपून ठेवल्या होत्या म्हणून जमलं, ज्यांनी फक्त जेपेग ठेवले त्यांनी आता तरी सवय बदला.

काळजी घ्यायची ती ओळखीच्या बाबतीत. पर्ण वटवट्या असला पक्षी घ्या, हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावर एक फिकट पट्टी असते आणि त्या पट्टीवरून तो ओळखायचा. मोठं करून शार्प करणाऱ्या टूलने ती पट्टी कधी पुसली जाते, कधी नको तिथे उमटते. त्यामुळे पक्ष्याची नोंद करायला नेहमी मूळ फाइल क्रॉप करून देतो, भिंतीवर लावायचा फोटो वेगळा.

*

जर्मनीतून लिहितोय. इथल्या क्लबात हा वाद २०२३ पासून पेटलाय, कारण त्या वर्षी बोरिस एल्डागसेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एआयने बनवलेली प्रतिमा पाठवली, बक्षीस मिळालं आणि त्याने ते नाकारलं. मला त्यातून एकच गोष्ट पटली, दोन्हीला वेगळी नावं आणि वेगळे विभाग हवेत. निसर्ग विभागात फियाप या आंतरराष्ट्रीय फोटोग्राफी संघटनेचे नियम आधीपासून कडक आहेत, सेन्सरवरची धूळ आणि नॉइज काढा, क्रॉप करा, पण चित्रातली काडीसुद्धा हलवायची नाही. मी हाच नियम स्वतःला लावून घेतलाय. आल्प्समध्ये फ्रेममध्ये केबल आली तर ती पुसत नाही, दोन पावलं सरकून परत फोटो काढतो, आणि त्याने माझी फ्रेमिंग सुधारली आहे.

*

साताऱ्याच्या ताईंना आणि जुने फोटो करणाऱ्या सगळ्यांना एक उपयोगाची गोष्ट. सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्टुडिओचे प्रिंट पुष्कळदा खडबडीत सिल्क पेपरवर असतात, स्कॅन केलं की सगळ्या चेहऱ्यावर बारीक चकाकणारी जाळी येते. एआय टूल ती जाळी घालवताना कातडीही मेणासारखी करतं. त्यापेक्षा फोटो एकदा सरळ स्कॅन करा, मग स्कॅनरवर उलटा म्हणजे १८० अंशात फिरवून परत करा, दुसरा स्कॅन सॉफ्टवेअरमध्ये सरळ करून पहिल्यावर लेअर म्हणून जुळवा आणि वरच्या लेअरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्के. स्कॅनरचा उजेड एका बाजूने पडतो, त्यामुळे दोन स्कॅनमध्ये चकाकी विरुद्ध बाजूला येते आणि एकमेकींना बरीचशी मारते. जुळवताना डोळ्याच्या बाहुलीवर झूम करून बघा, तिथे एक पिक्सेल जरी सरकला तरी लगेच दिसतं.

जुन्या कृष्णधवल प्रिंटच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी तवंग असेल तर मात्र स्कॅनर सोडा, कॅमेऱ्यानेच कॉपी करा, दोन्ही दिव्यांवर एकाच दिशेने पोलरायझर शीट (चकाकी अडवायला उजेड एकाच दिशेत कंप पावणारा करणारी पारदर्शक शीट) आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर. तवंग जाईपर्यंत फिल्टर हळूहळू फिरवायचा. शीट महाग पडत असेल तर एका दिव्यावरही काम होतं, फक्त फोटोवर उजेड एकसारखा पडतोय ना ते आधी कोरा कागद ठेवून तपासा.