मदत हवी आहे: काचो ए पेपेचा गोळा होतोय, शनिवारी माणसं जेवायला येताहेत

रेवा_लिहिते
रोमला त्रास्तेवेरे भागात एका गल्लीतल्या खानावळीत काचो ए पेपे, म्हणजे चीज आणि मिरीचा पास्ता, खाल्लं होतं, तेव्हापासून आमच्या गटात दुसरा विषय नाही. सहलीला सोबत असलेली सगळी मंडळी शनिवारी आमच्याकडे जेवायला येताहेत. तेच जेवण करीन असं मी फोनवर सांगून बसलेय. पण पास्त्यात चीज घातलं की रबरासारखा गोळा होतो आणि खाली पाणी वेगळं राहतं. चीज चांगलंच आहे. क्रीम घाला असं सांगू नका, ते मला माहीत आहे आणि नको आहे. प्लीज लवकर सांगा.

अर्धाकप
किती माणसं? चीज कोणतं, तुकडा की किसलेलं पाकीट? चीज घालताना खाली गॅस चालू असतो का? "चांगलंच आहे" यावरून काय सांगणार!

खमंग
मी दोन चमचे क्रीम घालते. कध्धी फुटत नाही.

मुक्काम_पोस्ट
खमंग, वर काय लिहिलंय ते वाचा की. पास्ता, पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं चीज), काळी मिरी, संपलं. क्रीम घातलं की ते दुसरंच काहीतरी होतं. कार्बोनारा पास्त्याचेही लोक असेच हाल करतात.

खमंग
वाचलंय. माझ्याकडे पाहुणे बोटं चाटून जातात, रोमहून तपासणी पथक येत नाही.

शून्य_मैल
पास्ता कमी पाण्यात शिजवा. इतकंच. पाणी दाट होतं, तेच पाणी चीजमध्ये घालायचं. बाकी सगळं थोतांड.

रेवा_लिहिते
पेकोरिनोचा तुकडाच आहे, मी स्वतः किसते. पास्त्याचं उकळतं पाणी घालते आणि गॅसवरच ढवळते. दहा जण असू.

अर्धाकप
दहा!! हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. हा पास्ता दोघाचौघांचा. सॉस थांबत नाही, दहावं ताट वाढेपर्यंत पहिल्याचं सिमेंट होतं. माझं ऐका, बोलोन्या शहरात करतात तशी लासान्या, म्हणजे थराथरांचा भाजलेला पास्ता, करा. सकाळी रचून ठेवा, संध्याकाळी ओव्हनमध्ये टाका, बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं मुरू द्या आणि तुम्हीही माणसांत येऊन बसा.

रेवा_लिहिते
ओव्हन बंद पडलाय. आणि आम्ही बोलोन्याला गेलोच नव्हतो.

तळटीप
गोळा का होतो ते आधी समजून घ्या. चीज साधारण ६५ अंशांच्या वर गेलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात. तुम्ही उकळतं पाणी घालून वर गॅसही चालू ठेवता, म्हणजे दुसरं काही होणारच नाही. मधे पुरेसा स्टार्च असला तर ती एकत्र येत नाहीत. इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी याच सॉसवर शोधनिबंध लिहिला आणि २०२५ मध्ये त्याला इग नोबेलही (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. त्यांचं म्हणणं, चीजच्या वजनाच्या २ ते ३ टक्के स्टार्च हवा आणि पास्त्याच्या पाण्यात तेवढा असेलच याचा भरवसा नाही. शून्य_मैल, तुमचं पाणी कधी दाट होतं, कधी होत नाही, ते यामुळेच.

करायचं असं: २०० ग्रॅम चीजला ५ ग्रॅम कॉर्नस्टार्च. तो ५० मिली पाण्यात शिजवून खळीसारखा करा, थोडं गार पाणी घालून निववा, मग त्यात किसलेलं चीज मिक्सरमधून फिरवा. मिरी जाडसर कुटून कोरड्या तव्यात परतून घाला. पास्ता निथळून मिनिटभर थांबा आणि गॅसपासून लांब सगळं एकत्र करा.

शून्य_मैल
तिथल्या आज्या मिक्सर आणि तराजू घेऊन बसत नाहीत.

तळटीप
तिथल्या आज्या दहा पाहुण्यांना फोनवर शब्दही देत नाहीत.

गोडघाशा
तिरामिसू (कॉफीचं इटालियन गोड) आदल्या रात्री करून ठेवा. सावोयार्दी बिस्किटं कॉफीत फक्त बुडवून काढायची, भिजत ठेवायची नाहीत. त्यात कच्ची अंडी असतात, म्हणून कुणी गरोदर असेल तर विचारून घ्या.

मुक्काम_पोस्ट
तिरामिसूचं कुणी विचारलंय?

गोडघाशा
जेवणानंतर विचारतील.

पायवाट
रेवा, तुम्ही हे एकच ताट भरून जेवण समजताय, म्हणून अवघड जातंय. तिथे पास्ता हा पहिला पदार्थ, त्यानंतर मुख्य पदार्थ आणि सोबत भाजी येते. माणशी ६० ग्रॅम पुरे. दहा जणांचा ६०० ग्रॅम पास्ता आणि ४०० ग्रॅम चीज होतं. ३०० ग्रॅमचे दोन घाणे करा, पाच-पाच जणांना वाढा. सॉस दोन्हींचा आधीच तयार ठेवा. ताटल्या गरम पाण्यातून काढून पुसून घ्या, गार ताटलीत सॉस लगेच आळतो.

रेवा_लिहिते
हे जमेल असं वाटतंय! दोन घाणे डोक्यातच आले नाहीत. एक जण शाकाहारी आहे, पण चीज चालतं, त्यामुळे प्रश्न नाही.

अर्धाकप
प्रश्न आहे. पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसाने, विरजतात. पार्मिजानो रेज्जानो चीजलाही वासराचंच रेनेट लागतं.

खमंग
आता हे सांगून त्याचा घास कशाला कडू करायचा? रोमला खाल्लंच ना त्याने?

अर्धाकप
तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं. आता रेवाला ठाऊक आहे. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्याकडे मी जेवायला येणार नाही.

खमंग
बोलावलंय कुणी?

पायवाट
आधीच फोन करून सांगा, त्याचं त्याला ठरवू द्या. नको म्हणाला तर त्याच्यापुरता आल्यो ए ओल्यो करा. लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी मिरची, वर पार्स्ली. चीज नाहीच. फक्त लसूण मंद आचेवर ठेवा, लाल झाला की कडवट लागतो.

भटक्या_जीव
रोमला जायला कोणता महिना चांगला? आम्ही ऑगस्टचा विचार करतोय.

मुक्काम_पोस्ट
ऑगस्टमध्ये भाजून निघाल, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या सुट्टीच्या आसपास बरीच छोटी दुकानं आणि खानावळी बंद असतात. वेगळा धागा काढा.

रेवा_लिहिते
तळटीप यांच्या पद्धतीने आज थोडं करून पाहिलं. गोळा नाही, पाणी नाही, चक्क सॉस झाला! मित्राला फोन केला. तो मिनिटभर गप्प बसला आणि मग लसणाचाच कर म्हणाला. पण आजचा पास्ता खारट लागला. चीज बदलू का?

अर्धाकप
पाण्यात मीठ किती घातलं?

रेवा_लिहिते
नेहमीसारखं.

तळटीप
चीज राहू दे. एरवी लिटरला १० ग्रॅम मीठ धरतात, पण पेकोरिनो मुळातच खारट असतं, तेव्हा निम्म्यावर या. लसणाचा पास्ता मात्र वेगळ्या भांड्यात, पूर्ण मिठाच्या पाण्यात शिजवा, नाहीतर मित्राला अळणी खावं लागेल.

अर्धाकप
आणि शनिवारच्या आधी एकदा अख्खा ३०० ग्रॅमचा घाणा करून बघा. तुमचं भांडं केवढं आहे?