कॅनडा: लग्न न करता जोडीदाराला आणता येईल का?

प्रश्न: मी टोरोंटोत पीआर (कायमचा रहिवासी), ती पुण्यात. चार वर्षांचं नातं, पण एकत्र राहिलो ते सुट्ट्यांपुरतंच. घरचे म्हणतात, कोर्टात सही करून टाका. व्हिसासाठी लग्न आम्हा दोघांनाही नकोय.

उत्तर: 'कॉमन-लॉ'साठी, म्हणजे लग्नाविना जोडीदार म्हणून मान्यता मिळायला, सलग 12 महिने एकत्र राहावं लागतं, सुट्ट्यांची बेरीज चालत नाही. आम्ही कोथरूडला राहिलो. घरमालक करारावर दोन नावं घालायला कुरकुरतात, पण हट्ट धराच. बँकेची पत्रं, बिलं त्याच पत्त्यावर घ्या. वर सहवासाचं शपथपत्र, फॉर्म आयएमएम 5409.

उत्तर: ती व्हिजिटर म्हणून आली तर साधारण 6 महिने मिळतात, पुढे मुदतवाढ मागता येते. तो सहवासही धरतात. 'कॉन्जुगल पार्टनर'च्या (अडचणींमुळे लग्न किंवा सहवास शक्यच नसलेल्या जोडीदारांसाठीचा प्रकार) नादी लागू नका. लग्न नकोय, हे कारण तिथे चालत नाही.

प्रश्नकर्ता: मग व्हिजिटरचाच अर्ज करतो. आज तिला सांगतो.