मदत हवी आहे: कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, तरी रात्रीची तडतड जाईना (नागपूर)

टायपिंगवाला

नमस्कार मंडळी. मानेवाड्याला घरीच डीटीपी करतो. पत्रिका, बायोडेटा, शपथपत्रं, असलं सगळं. लग्नसराई सुरू आहे, रोज रात्री दोनपर्यंत बसणं होतं, आणि नेमकं याच दिवसांत मशीन आवाज काढून राहिलं आहे.

मशीन सहा वर्षं जुनं. आठव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. सोबत साधा ६०० व्हीएचा यूपीएस.

काय काय होतं ते जमेल तसं लिहितो, कारण दुकानात तोंडाने आवाज काढून दाखवला तर तिथली पोरं हसली.

रात्री नऊनंतर मागच्या बाजूने तडतड येते. तापलेल्या तेलात मोहरी पडते ना, तशी, पण बारीक. दोन-तीन सेकंद, मग गप्प, मग पुन्हा. दिवसा कधीच नाही. सकाळी मशीन चालू केलं की पहिली पाच मिनिटं घरघर, नंतर आपोआप बंद. पान वरखाली सरकवलं की अगदी बारीक चींऽऽ, माऊस थांबवला की तीही थांबते. आणि लाइट गेली, यूपीएसवर आलं, की घूंऽऽ असा भुंगा सुरू. हा शेवटचा प्रकार गेल्या आठवड्यापासूनचा.

दुकानदाराने मशीन न उघडताच सांगितलं, एसएमपीएस गेला. ४५० वॅटचा नवा टाकला, २६०० रुपये गेले. जुना त्यांनी दोनशे रुपये वजा करून ठेवून घेतला. त्याच रात्री तडतड पुन्हा हजर! आता म्हणतात मदरबोर्ड दाखवावा लागेल.

अजून दोन गोष्टी, कामाच्या आहेत की नाही माहीत नाही. यूपीएस मधूनच टक् करतो, बॅटरी म्हातारी झाली असावी. आणि अनवाणी असताना कॅबिनेटला हात लागला तर मुंग्या येतात. सौ. वेगळंच म्हणते. तिला या खोलीत दोन-तीनदा मासोळीसारखा वास आला. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही. बाजूला नवे भाडेकरू आले आहेत, त्यांचं असेल म्हणून सोडून दिलं.

मदरबोर्ड खरंच गेला असेल का?

सावजी_तर्री

काहून एवढं टेन्शन घेऊन राहिले भाऊ. मागच्या जाळीतून पंख्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. माह्यावाल्या मशीनला चार वर्षं झाले, अजून चालून राहिलं मस्त.

जुना_वायरमन

तर्रीभाऊ, आधी तुमच्याशी बोलतो. जाळीतून टाकलेलं तेल बेअरिंगपर्यंत पोचत नाही, पात्यांवरून उडून आतल्या सर्किटवर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. नीट टाकायचं तर एसएमपीएसचा डबा उघडावा लागतो, आणि तो घरी उघडायचा नाही. २३० व्होल्टची लाइन आत डीसी झाली की सव्वातीनशेच्या आसपास जाते, पीएफसीवाल्या (लाइनमधून करंट सुरळीत ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसमध्ये त्याहून वर. ती ज्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते तो पिन काढल्यावरही काही वेळ भरलेला राहू शकतो. मी एकदा खाल्लेला आहे झटका. स्क्रूड्रायव्हर समोरच्या भिंतीवर सापडला होता.

टायपिंगवाले साहेब, तुम्ही ज्याला एक आवाज समजून धागा काढला ते चार वेगळे आवाज आहेत, चौघांचं गावही एक नाही. बाकी तिघांचं नंतर पाहू. मला तडतडीची आणि त्या वासाची काळजी वाटते. स्विचबोर्डाचं आणि पिनेचं बेकेलाइट (कडक प्लास्टिक) तापून जळायला लागलं की अगदी मासळीसारखा वास येतो. वायरिंगच्या धंद्यातल्या माणसाला हा वास झोपेतही ओळखू येतो. तुमच्या सौ. ना सांगा, भाडेकरूंची माफी मागायला हवी.

आता एवढंच सांगा. रात्री नऊला त्या खोलीत असं काय सुरू होतं, जे दिवसा नसतं?

टायपिंगवाला

कूलर. दिवसा हॉलमध्ये असतो, रात्री इकडे ओढून आणतो. नवतप्याआधीच ४५ चालू आहे इथे, कूलरशिवाय बसवत नाही. यूपीएस आणि कूलर एकाच एक्स्टेंशनवर आहेत. म्हणजे लोड जास्त होतो का?

जुना_वायरमन

लोड काहीच नाही. तुमचं मशीन मॉनिटरसकट दीडशे वॅट धरा, कूलर पंपासकट दोनशे. साडेतीनशे वॅट म्हणजे दीड अँपिअर. सहा अँपिअरचा बोर्ड हे हसतखेळत ओढतो. पण सॉकेटच्या आतली पितळी पट्टी ढिली पडून पिनेला नुसती टेकत असेल, तर तेवढ्या सांध्यात रेझिस्टन्स तयार होतो. तो पाच ओहम धरला तर दीड अँपिअरला तिथे ११ वॅट उष्णता तयार होणार. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी, आणि तीही प्लास्टिकच्या आत, रात्रभर. पट्टी तापते, अजून ढिली होते, मधल्या फटीत ठिणग्या पडतात. तुमची मोहरी ती. यूपीएस टक् करतो तो बॅटरीमुळे नसेलही. समोरून येणारी लाइन क्षणभर तुटली की त्याचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) पडतो, त्याचा आवाज टक् असा येतो.

आज रात्री कूलर त्या एक्स्टेंशनवर लावू नका. उद्या उजेडात जाड कागदाची नळी करा, एक टोक कानाला, दुसरं टोक आधी एसएमपीएसच्या जाळीजवळ आणि मग बोर्डाजवळ. टेकवायचं नाही, वीतभर लांब. तडतड कुठून येते ते कळेल. तडतड ऐकू आली की मेन बंद करूनच पिन काढा.

कोथरूडचा_कीबोर्ड

पान सरकवताना येणारी चीं म्हणजे कॉइलचा आवाज. मदरबोर्डावर तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी असतात. प्रोसेसर क्षणात काम मागतो, क्षणात झोपतो, तसा त्यांतला करंट वरखाली होतो आणि वेटोळी थरथरतात. त्याने मशीन बिघडत नाही, डोकं उठतं एवढंच. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सी-स्टेट्स, म्हणजे प्रोसेसरचं हे झोपणं, बंद करून पाहा, बऱ्याचदा चीं गायब होते. वीज आणि उष्णता मात्र थोडी वाढते, आणि तुमच्याकडच्या ४५ अंशांत मी तरी ते करणार नाही. कानात गाणी घाला.

भुंग्याबद्दल विचारायचं होतं: जुन्या एसएमपीएसवर यूपीएस असताना हा आवाज यायचा का?

टायपिंगवाला

नाही यायचा. आता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं, तो नवा एसएमपीएस लागल्यापासूनचाच आहे.

कोथरूडचा_कीबोर्ड

मग कोडं सुटलं. साधे यूपीएस बॅटरीवर गुळगुळीत लाट देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची चौकोनी लाट देतात. तुमच्या नव्या एसएमपीएसच्या खोक्यावर बहुतेक अ‍ॅक्टिव्ह पीएफसी लिहिलेलं असेल. त्यातल्या कॉइलला प्रत्येक पायरीला हिसका बसतो, सेकंदाला शंभरदा. तोच भुंगा. फाइल सेव्ह करून पाच मिनिटांत बंद करत असाल तर राहू द्या. त्यावर जास्त वेळ काम करायची सवय असेल तर साइन वेव्हवाला, म्हणजे गुळगुळीत लाट देणारा यूपीएस घ्यावा लागेल. तो महाग आहे.

रातराणी

अवांतर: आमच्याकडे तडतड झाली, मग ठप्प, मग अंधार. एसएमपीएसमध्ये पाल निघाली. तेव्हापासून मागच्या मोकळ्या खाचांना जाळी लावली आहे.

गोधनीकर

मुंग्यांकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोघे कॅबिनेटला जोडलेले. अर्थिंग असेल तर तिथला इवलासा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट अधांतरी लटकतं, साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. तेवढ्याने काही होत नाही.

पण टायपिंगवाले भाऊ, त्याच बोर्डावर तुमचा कूलर आहे. पत्र्याचा असेल, खाली पाणी सांडलेलं असेल, आणि अर्थिंग नाही! कूलरचा करंट लागून माणूस गेल्याची बातमी आपण विदर्भात दर उन्हाळ्यात वाचतो. कॉम्प्युटर राहू द्या बाजूला, आधी अर्थिंग पाहून घ्या. आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही.

अजून एक, कूलरचं तोंड कॅबिनेटकडे ठेवू नका. ओल्या हवेने आतली धूळ चिखलासारखी चिकटते. ब्लोअर मारून निघत नाही, ब्रशने खरवडावी लागते.

टायपिंगवाला

मंडळी, हात जोडतो.

सकाळी पत्रिकेच्या कार्डशीटची नळी केली (सोनेरी गणपतीची होती, वाया गेलेली) आणि पोराला कूलर लावायला सांगितलं. एसएमपीएसजवळ नुसता पंख्याचा वारा. नळी टेबलामागे बोर्डाकडे नेली तर कानात चुलीवर ओली लाकडं जळावीत तसा आवाज. अंगावर काटा आला. मेन बंद करून पिन ओढली, तर लगेच निघेना, चिकटली होती. निघाली तेव्हा डावीकडची पिन काळीनिळी, मुळाशी प्लास्टिक वितळून तिचा आकार गेलेला. बोट टेकवलं आणि लगेच काढलं. सॉकेटचं भोक तपकिरी झालं होतं, आणि वास तोच. सौ. दारात उभी होती. काही बोलली नाही, नुसतं पाहिलं.

आता सहा महिने मागे गेलो तर आठवतं, ती पिन ढिली होती म्हणून मीच तिच्याखाली कागदाची घडी सारली होती. पत्रिकेचीच.

जुना_वायरमन

कागदाची घडी! नशीब समजा. ते सॉकेट बदला, एक्स्टेंशनही फेकून द्या, त्याची पिन गेलेली आहे. जळकी पिन नव्या सॉकेटात घातली की महिन्याभरात नवं सॉकेटही जातं. कूलरला सरळ भिंतीतला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट. इलेक्ट्रिशियनला बोर्ड उघडल्यावर अर्थिंगच्या हिरव्या वायरकडे बघायला सांगा. नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवू द्यायचा नाही, फेज आणि अर्थिंगमध्ये टेस्ट लँप लावून दाखवायला सांगा. फेज-न्यूट्रलवर पेटतो तसाच लख्ख पेटला पाहिजे.

राहिली सकाळची घरघर. एसएमपीएस नवा आहे तरी येते, म्हणजे ती कॅबिनेटच्या मागच्या पंख्याची असणार. बेअरिंगचं वंगण सुकलं की सुरुवातीला घरघरतं, गरम झालं की जरा सैल होतं. त्या पंख्याची वायर काढून पाच मिनिटं मशीन चालवून बघा. प्रोसेसरवरच्या पंख्याची वायर मात्र काढायची नाही.

सावजी_तर्री

वायरमन काका, त्या पंख्यात तरी तेल टाकता येते का नाही?

जुना_वायरमन

त्यात टाका. मागचं स्टिकर उचलून एक थेंब. खोबरेल नको.

टायपिंगवाला

शेवटचं अपडेट, दोन दिवस कामात होतो.

इलेक्ट्रिशियन येऊन गेला. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत होती, पण कुठेच जोडलेली नव्हती. टोक कापून, दुमडून मागे ढकलून दिलेलं. घर बांधलं तेव्हापासून तशीच असणार. जोडल्यावर टेस्ट लँप लख्ख पेटला, मुंग्या बंद. सॉकेट नवं, कूलरला वेगळा पॉइंट, आरसीसीबी पुढच्या आठवड्यात. सगळे मिळून साडेआठशे घेतले त्याने. तडतड नाही, वास नाही, यूपीएसचं टक् नाही. घरघर मागच्या पंख्याचीच होती, तेल न टाकता नवा लावला (तर्रीभाऊ, माफ करा). चीं आहे, असू दे. भुंगाही आहे.

म्हणजे जुना एसएमपीएस चांगलाच होता, आणि यूपीएसवर तो गपचूप चालायचा. काल दुकानात गेलो, म्हटलं तुमचे दोनशे रुपये घ्या, माझा जुना परत द्या. तर तो परवाच एका कॉलेजच्या पोराच्या मशीनला लागला म्हणे. नवाच्या नवा आहे, एकदम शांत चालतो, असं दुकानदारच मला सांगत होता.