मदत हवी आहे: व्हिनेगर घरात कशाकशाला लावायचं नाही?

सोलापूरची_सून
नमस्कार मंडळी, जरा पटकन सांगा, कारण शनिवारी आमच्याकडे सफाईचा बेत आहे आणि जाऊबाई कुणाचं ऐकायच्या मूडमध्ये नाहीयेत. सुट्टीत नणंदा यायच्यात, त्याआधी सगळं घर लख्ख करायचं म्हणून त्यांनी रील बघून पांढऱ्या व्हिनेगरचा अख्खा ५ लिटरचा कॅन आणून ठेवलाय. त्या रीलमधली बाई फरशीला व्हिनेगर, ओट्याला व्हिनेगर, नळाला, तव्याला, मशीनमध्ये, इतकंच काय दागिन्यांनासुद्धा व्हिनेगरच लावते.

आमचं घर जुनं. खाली शहाबादी फरशी, वरच्या मजल्यावर मोझॅक, ओटा कडप्प्याचा, देवघरात संगमरवर. पाणी निम्मं बोरचं, कारण नळाला रोज येत नाही, आणि सोलापुरात बोरच्या पाण्याचं मी काय सांगू, नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, बाथरूमच्या टाइल्सवर सगळीकडे पांढरे थर. ते व्हिनेगरने निघतात हे खरंय, मी स्वतः किटलीत बघितलंय. सासूबाईंचं म्हणणं असं की आपण जन्मभर चिंचेने भांडी घासतोय, आंबट ते आंबटच, काय होतंय त्याला.

मला शंका एवढ्यासाठी की ओट्याच्या कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी असते ना, तिच्या बुडाखाली राखाडी गोल उमटलाय. बाकी कडप्पा काळाभोर चकचकीत आणि तेवढीच कडी फिकट, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागते. खोबरेल चोळलं की दोन दिवस दिसत नाही, परत आहे तसं. लिंबाने हे होत असेल तर व्हिनेगरने काय होईल? नक्की कशाला लावायचं नाही ते सांगा म्हणजे मला घरात दाखवता येईल.

लॅबवाले_काका
सूनबाई, शंका बरोबर आहे. व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण ४ टक्क्यांच्या आसपास ॲसिटिक ॲसिड. नळावरचा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लाशी गाठ पडली की त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन फसफसतो आणि उरलेलं पाण्यात विरघळून जातं, म्हणून नळ साफ होतो. आता गंमत अशी की तुमची शहाबादी फरशीसुद्धा चुनखडीचा दगड, म्हणजे तेच कॅल्शियम कार्बोनेट. कडप्पा तोच, कोटा तोच, संगमरवरही तोच, फक्त जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने घट्ट झालेला. व्हिनेगरला कुठे माहीत की हा थर आहे आणि ही फरशी आहे. जे नळावरून खातं ते जमिनीवरूनही खाणार.

खात्री करायची तर फरशीचा एखादा तुटका तुकडा परसात पडलेला असेलच. त्यावर थेंबभर टाका आणि जवळून बघा, बारीक बुडबुडे दिसतील. पुसून वाळल्यावर तेवढा ठिपका मंद दिसेल. हाच तुकडा जाऊबाईंना दाखवा, रीलपेक्षा लवकर पटेल.

मोझॅकलाही नको, त्यात संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट दोन्ही असतं, दोन्हीला आम्ल चालत नाही. टाइल्सच्या मधल्या सांध्यांचं सिमेंटही तसंच, वर्षभर व्हिनेगरने पुसलं तर सांधे भुसभुशीत होतात.

पॉलिशवाला_विडी_घरकुल
आमचा धंदाच फरशी पॉलिशचा हाय. शहाबाद हितनं लांब नाही, कलबुर्गीच्या पुढं, वाडीच्या लाइनवर, म्हणून जुन्या सोलापुरात बघशील तिथं हीच फरशी. लोक ॲसिड ओतून धुवायलेत आणि नंतर आम्हाला फोन करायलेत, काय पांढरं पडलंय बघा म्हणून. ताई, ते डाग नाही, दगड खाल्लाय, पुसून जात नसतंय. तेल लावलं की खळग्यात बसतंय म्हणून दिसत नाही, तेल उतरलं की परत दिसतंय.

बरणीखालचं गोल लहान असंल तर घरी जमतंय. वॉटर पेपर आण, ४०० नंबरनं सुरू कर, मग ८००, मग १५००, पाणी शिंपडत हलक्या हातानं, आणि फक्त गोलावर नाही, आजूबाजूला वीतभर धरून घास, नाहीतर तिथं खड्डा दिसंल. शेवटी सुकवून खोबरेलाचा नाहीतर मेणाचा हात. बरणीखाली बशी ठेव.

हॉटगी_रोड_४४
@पॉलिशवाला, पण तुम्ही लोक पॉलिशच्या शेवटी ऑक्झॅलिक पावडर मारता ती पण ॲसिडच की बे, तिनं कसं होत नाही?

लॅबवाले_काका
चांगला प्रश्न. ऑक्झॅलिकचं कॅल्शियमशी जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही, दगडावरच घट्ट बसतं. व्हिनेगरपासून होतं ते कॅल्शियम ॲसिटेट, ते पाण्याबरोबर वाहून जातं. शिवाय ते लोक मशीनखाली, मोजून, जाणत्या हाताने मारतात. घरी बादलीत कालवून टाकायची वस्तू नाही ती.

शेंगाचटणी
अगं, दागिन्यांचं कुणीच बोललं नाही, आधी ते थांबव! मोत्याची नथ, तन्मणी, चिंचपेटी यातलं काही व्हिनेगरमध्ये बुडवू देऊ नकोस. मोतीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेटचाच, त्याची लकाकी गेली की परत येत नाही, आणि फरशीसारखं त्याला पॉलिशवाला भेटत नाही. मोती फक्त ओल्या मऊ फडक्याने पुसून सुकवायचे.

आता स्वयंपाकघर. लोखंडी तव्याला व्हिनेगर लावलं की वर्षानुवर्षांचा मुरलेला तेलाचा थर निघतो आणि उघडं लोखंड सकाळपर्यंत गंजतं. तवा आधीच गंजलेला असेल तरच थोडा वेळ लावायचं, लगेच धुवून गॅसवर कोरडा करायचा आणि तेल चोळायचं. ॲल्युमिनियमची पातेली काळपट पडतात, जास्त वेळ राहिलं तर बारीक खड्डे. कुकरच्या पाण्यात आपण लिंबाची फोड टाकतो ती चालते, थोडी असते आणि तेवढ्यापुरती असते, पण रात्रभर व्हिनेगर भरून ठेवणं वेगळं. चाकू-विळीच्या पात्यालाही भिजत घालू नकोस.

सासूबाईंचं पितळ-तांब्याचं मात्र बरोबर आहे हं. चिंच-मिठाने वरचा काळा थर निघतो, भांडं लगेच धुतलं जातं, कोरडं होतं. दगड कुणी चिंचेने घासत नाही ना! फक्त शोभेच्या पितळी समया वगैरेवर वार्निशसारखा थर असेल तर त्याला चिंचही नको.

हॉटगी_रोड_४४
माझा पण प्रश्न यातच घ्या, वेगळा धागा काढत नाही. कूलर खाली काढलाय, टाकीत आणि पंपावर गेल्या वर्षीचा चुना बसलाय, खरवडून निघंना. व्हिनेगर ओतू का टाकीत? ऊन असलं पडायलंय की कूलरशिवाय दुपार निघत नाही.

लॅबवाले_काका
टाकी पत्र्याची की प्लास्टिकची? पत्र्याची असेल तर बिलकूल नको, त्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि आम्ल पहिल्यांदा तोच खातं, मग पत्रा गंजून गळायला लागतो. प्लास्टिकची असेल तर पाणी मिसळून घाला, तासाभराने ब्रश मारा, खळखळून धुवा. पंपाची वायर काढून पुढची जाळी आणि पंखा सुटत असेल तर तेवढंच मगात भिजवा, मोटर बुडवू नका.

हॉटगी_रोड_४४
पत्र्याची हाय. बरं झालं विचारलं. घासतो मग ब्रशनं.

नवी_पेठ_वहिनी
सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. पाण्याच्या टाकीसाठी घरोघरी ब्लीचिंग पावडर असते, बाथरूमला ब्लीचवालं लिक्विड असतं. त्याच्यात व्हिनेगर कधीही मिसळायचं नाही, एकावर एकही टाकायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत बसतो. बाटलीतलं टॉयलेटचं ॲसिड आणि ब्लीचचंही तेच. एका दिवशी एकच काय ते वापरा आणि खिडकी उघडी ठेवा.

आणि रीलमध्ये सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस दाखवतात ना, त्या फेसाचा उपयोग फारसा नसतो, एक आम्ल एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात राहतं जवळपास खारं पाणी. दिसायला मात्र भारी दिसतं.

सोलापूरची_सून
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! परसातल्या तुकड्यावर थेंब टाकून जाऊबाईंना दाखवला, बुडबुडे बघितले आणि "अगं बाई" म्हणून गप्प. सासूबाई म्हणाल्या मी सांगतच होते, जे त्या अजिबात सांगत नव्हत्या, असो. आता शेवटचं, नळाला कसं लावू? खाली कडप्प्याचाच ओटा आहे. आणि वॉशिंग मशीन?

नवी_पेठ_वहिनी
ओट्यावर आधी प्लास्टिकचा कागद आणि त्यावर जुना टॉवेल. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं भिजवायचं, पिळून नळाला गुंडाळायचं, दहा-पंधरा मिनिटांनी काढून जुन्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. रात्रभर ठेवू नकोस, वरचं क्रोम खराब होतं, आणि पितळी मुलाम्याचा नळ असेल तर नकोच. शॉवरची जाळी सुटत असेल तर काढून मगात भिजव. किटली आतून स्टीलची असेल तर उकळून दोनदा साध्या पाण्याने.

मशीनच्या दाराचं रबर व्हिनेगरने हळूहळू कडक होतं म्हणतात, म्हणून मी डीस्केलिंगची पावडर वापरते. इस्त्रीत आणि आरओमध्ये पुस्तकात लिहिलं असेल तरच. टीव्ही-मोबाईलच्या काचेला नको, वरचं कोटिंग जातं. लाकडी कपाटाचं पॉलिशही मंद होतं.

सोलापूरची_सून
मग ५ लिटरचं करू काय? नळ, शॉवर, किटली झाली तरी कॅन भरलेलाच राहतोय.

शेंगाचटणी
खिडक्यांच्या काचा पुस, पण खालच्या शहाबादी चौकटीवर ओघळ येऊ देऊ नकोस. उरलेलं कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याला निम्म्या किमतीत वीक, सील फोडायच्या आधी.