मदत हवी आहे : गोव्यातील उत्सवी नाटकांवरचे पॉडकास्ट नोंदवलेले असूनही शोधात सापडत नाही

नमस्कार.

मी फोंडा तालुक्यात राहते आणि गेल्या दीड वर्षापासून गोव्यातल्या उत्सवी नाटकांविषयी एक पॉडकास्ट करते. देवळाच्या जत्रेला किंवा वार्षिक उत्सवाला गावातल्याच मंडळींनी रात्र जागवून मराठी नाटक करायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. ज्यांनी या नाटकांसाठी तीस-चाळीस वर्षे तोंडाला रंग लावला, ऑर्गन वाजवला किंवा विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग केले, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना बोलते करते. आतापर्यंत १४ भाग झाले आहेत. मुलाखती मराठीत असतात, पण आठवण रंगात आली की बोलणारा नकळत कोकणीत शिरतो, आणि मी त्याला थांबवत नाही.

पॉडकास्टचे नाव 'मांड' आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की ज्या जागेवर पौषात बायका धालो हे लोकनृत्य खेळतात आणि शिगम्याला गाव जमतो, त्या गावच्या पवित्र जागेला आमच्याकडे मांड म्हणतात. नाव मी फार विचार करून ठेवले होते आणि ते बदलण्याची माझी तयारी नाही. अडचण मात्र नेमकी तिथेच आहे. कुठल्याही पॉडकास्ट ॲपमध्ये 'मांड' शोधले, तर आधी राजस्थानी मांड गायकी येते, मग त्याच नावाच्या रागाची रेकॉर्डिंग येतात. यादीच्या शेवटापर्यंत गेले तरी आमचे पॉडकास्ट दिसत नाही.

हा प्रश्न माझ्या मनाला का लागला, तेही सांगते. पहिल्या भागात ज्यांची मुलाखत आहे, ते वृद्ध नट गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांची मुलगी मस्कतला असते. वडिलांचा आवाज ऐकावा म्हणून तिने फोनवर रोमन लिपीत पॉडकास्टचे नाव लिहून शोधले, एकदा एका 'ए'ने आणि एकदा दोन 'ए'ने, आणि दोन्ही वेळा तिला काहीच मिळाले नाही. शेवटी मी थेट दुवा पाठवला, तेव्हा तिने तो भाग ऐकला. तिच्यापाशी माझा नंबर होता म्हणून हे जमले. ज्यांच्यापाशी तो नाही, त्यांनी काय करावे?

तेच ते उपाय पुन्हा सुचवण्याचे कष्ट जाणकारांना पडू नयेत, म्हणून आतापर्यंत काय केले ते लिहिते. सगळी मांडणी सुरुवातीला माझ्या भाच्याने करून दिली होती. पहिले मुखचित्र १२०० पिक्सेलचे होते, त्यामुळे एका निर्देशिकेने, म्हणजे ॲप जिच्यात पॉडकास्ट शोधतात त्या यादीने, अर्ज परत पाठवला. मग ३००० × ३००० पिक्सेलचे जेपेग चित्र केले आणि अर्ज मंजूर झाला, मात्र दुसऱ्या एका ठिकाणी अजून जुनेच चित्र दिसते. मालकीच्या पडताळणीसाठी येणारा कोड फीडमधल्या, म्हणजे पॉडकास्टची सगळी माहिती लिहिलेल्या फाइलीतल्या, ईमेलवर जातो, हे मला ठाऊक नव्हते. तो पत्ता भाच्याच्या कॉलेजचा होता आणि तो कधीच बंद झाला होता. आता तिथे माझा पत्ता आहे. मुखचित्रावर देवनागरीत 'मांड' लिहिले आहे, पण शोधयंत्राला चित्रातली अक्षरे वाचता येत नाहीत, एवढे मला आता कळले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. फीडमध्ये भाषा कोणती द्यावी, मराठी की कोकणी? रोमन लिपीतले नाव कुठे लिहावे? आमच्याकडे 'जत्रा' हा एकच शब्द लोक मराठीत 'जत्रा', कोकणीत 'जात्रा' आणि रोमनमध्ये कधी 'जे'ने तर कधी 'झेड'ने लिहितात. मग या सगळ्यांना पुरेल असे वर्णन लिहायचे तरी कसे? शिवाय ध्वनिफाइलींना मी देवनागरीत नावे दिली आहेत. माझ्या फोनवर त्या व्यवस्थित वाजतात, पण दोन श्रोत्यांनी त्या उघडत नसल्याचे कळवले. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद १

ताई, आपण फार मोलाचे काम करत आहात. अडचण सुटण्यासारखी आहे, फक्त नोंद होणे आणि सापडणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतील.

निर्देशिकेकडे आपला आवाज साठवलेला नसतो. तिच्याकडे आपल्या आरएसएस फीडचा पत्ता असतो आणि ठरावीक वेळाने ती तो फीड वाचते. फीडमध्ये जे लिहिले आहे तेवढेच तिला कळते, म्हणून सर्वांत आधी फीडचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून तो मजकूर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. लँग्वेज या टॅगमध्ये, म्हणजे भाषेच्या रकान्यात, बहुधा 'ईएन' दिसेल, कारण पॉडकास्ट ठेवणाऱ्या पुष्कळ सेवांमध्ये इंग्रजी ही आधीपासून निवडलेली असते. मराठीसाठी तिथे 'एमआर' हवे. कोकणीचा संकेत 'केओके' असा तीन अक्षरी आहे, कारण दोन अक्षरी संकेतांच्या यादीत कोकणीला जागाच मिळालेली नाही. संपूर्ण पॉडकास्टसाठी एकच भाषा द्यायची असल्याने मुलाखतीची मुख्य भाषा द्यावी आणि कोकणीचा उल्लेख वर्णनात करावा.

आता नावाविषयी. ॲपलच्या शोधात पॉडकास्टचे नाव, कर्त्याचे नाव आणि भागांची शीर्षके यांना महत्त्व आहे. म्हणून 'मांड' तसेच ठेवून त्याला अर्थ सांगणारी जोड द्यावी, जसे 'मांड : गोव्यातील उत्सवी नाटकांच्या आठवणी'. शब्दांची नुसती रास शीर्षकात घालू नये, त्या कारणाने ॲपल अर्ज नाकारू शकते. खरे काम मात्र भागांच्या शीर्षकांनी होईल. 'भाग ७' अशा शीर्षकावरून कोणाला काहीच शोधता येत नाही. त्याऐवजी नटाचे नाव, गाव आणि त्याची गाजलेली भूमिका लिहावी. मस्कतच्या मुलीने वडिलांचे नाव टाकले असते आणि ते शीर्षकात असते, तर भाग सापडण्याची शक्यता कितीतरी वाढली असती. प्रकार निवडताना 'कला' या मुख्य प्रकारातला 'प्रयोगकला' हा उपप्रकार पाहावा.

फाइलींच्या नावांबाबत आपली शंका बरोबर असावी. वेबपत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ चिन्हांचे होते, 'म' वेगळा आणि त्याचा काना वेगळा. काही ॲप अशा पत्त्याशी अडखळतात, म्हणून फाइलींची नावे साध्या रोमन अक्षरांत आणि अंकांत द्यावीत. मात्र हे करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. प्रत्येक भागाला फीडमध्ये जीयूआयडी नावाची एक कायमची ओळख असते, ती बदलू देऊ नये. ती बदलली की ॲपना तो नवाच भाग वाटतो आणि श्रोत्यांकडे आपले १४ भाग दुसऱ्यांदा येऊन पडतात. एका भागावर आधी प्रयोग करून पाहावा आणि मगच बाकीच्यांना हात लावावा.

जुने मुखचित्र दिसत राहते, कारण त्याची प्रत साठवून ठेवलेली असते. नवे चित्र नव्या फाइलनावाने चढवावे.

प्रतिसाद २

वरील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, परंतु रोमन नावाचा प्रश्न अनुत्तरित राहिला आहे. मी पेडण्याचा. आमच्या घरात मराठी वाचणारे सगळे आहेत, पण फोनवर देवनागरीत टंकणारा मी एकटाच आहे. म्हणून रोमन नाव वर्णनात कुठेतरी न ठेवता शीर्षकातच, देवनागरी नावाला लागून, एकदाच लिहावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वर्णनातला मजकूर सगळीकडे शोधला जातोच असे नाही. स्पेलिंग दोन 'ए'चे घ्यावे, म्हणजे उच्चार तरी कळेल. 'जत्रा' आणि 'जात्रा' हे दोन्ही शब्द वर्णनाच्या वाक्यांत स्वाभाविकपणे येऊ द्यावेत.

आणखी एक ठिकाण सुचवतो. पॉडकास्ट इंडेक्स ही २०२० मध्ये सुरू झालेली खुली निर्देशिका आहे आणि तिथे फीड विनामूल्य नोंदवता येतो. अँटेनापॉडसारखी ॲप तिच्यातूनही शोध घेतात, त्यामुळे एका नोंदीने अनेक दारे उघडतात. गूगल पॉडकास्टमध्ये नोंदणी करण्याचे सल्ले जुन्या लेखांत अजून दिसतील. ती सेवा २०२४ मध्ये बंद झाली, तिच्या मागे वेळ घालवू नये.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री फीड उघडून ओळीने वाचला. भाषा खरोखरच 'ईएन' होती. ती बदलली, शीर्षकाला जोड आणि रोमन नाव दिले, आणि १४ भागांच्या शीर्षकांत माणसांची व गावांची नावे घातली. पहिल्या भागाच्या ध्वनिफाइलीचे नाव बदलून जीयूआयडी जशीच्या तशी राहिल्याची खात्री केली. ज्या दोन श्रोत्यांनी तक्रार केली होती, त्यांच्यापैकी एकाकडे तो भाग आता वाजतो. अँटेनापॉडमध्ये रोमन नावाने शोधले, तेव्हा 'मांड' दिसले.

पण एकाऐवजी दोनदा दिसले. पहिली नोंद, मी आधी जिथे भाग ठेवत होते त्या जुन्या सेवेवरच्या फीडची आहे. तिच्यात फक्त ५ भाग आणि ते १२०० पिक्सेलचे चित्र आहे. सेवा बदलली तेव्हा तो फीड तसाच राहून गेला. जुने खाते या महिन्याअखेर कायमचे बंद करण्याचा अर्ज मी देऊन ठेवला आहे. ते बंद झाले की जुनी नोंद आपोआप जाईल ना?

प्रतिसाद १

ताई, कृपया थांबा. खाते आधीच बंद केले तर जुन्या नोंदीवरचे श्रोते तिथेच अडकून राहतील, त्यांना नव्या फीडचा पत्ता कोणी सांगणार नाही. जुन्या सेवेच्या सेटिंगमध्ये फीड दुसरीकडे वळवण्याची सोय आहे का ते पाहा. तिला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. त्यासोबत नव्या फीडमध्ये 'न्यू फीड यूआरएल' या टॅगमध्ये नवा पत्ता द्या. ॲपलच्या सूचनेनुसार ही व्यवस्था किमान चार आठवडे चालू ठेवायची असते, मी स्वतः आणखी जास्त काळ ठेवीन. दोन्ही नोंदी एक झालेल्या दिसल्यावरच खाते बंद करा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खाते बंद करण्याचा अर्ज आत्ताच मागे घेतला. फीड वळवण्याची सोय सेटिंगच्या शेवटच्या पानावर मिळाली आणि नवा पत्ता तिथे भरला आहे. मस्कतला निरोप पाठवला आहे, की वडिलांचे नाव टाकून पुन्हा एकदा शोधून पाहा. तिचे उत्तर आले की इथे लिहीन.