मदत हवी आहे : अप्पाआजोबांची युद्धातली डायरी, बोट कुठली ते कसं शोधू?

नमस्कार मंडळी,

थोडं लांबलंय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे अप्पाआजोबा, दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर होते. गाव आमचं जयगड खाडीच्या काठी. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात कौलं उतरवताना माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत त्यांची डायरी सापडली. सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लीत, उरलंय ते ऑक्टोबर १९४४ ते फेब्रुवारी १९४६. अर्धी मोडीत, अर्धी बाळबोधीत. मोडी मी यासाठीच शिकतेय, एकेका पानाला दोन-दोन संध्याकाळी जातात.

अडचण अशी की अख्ख्या डायरीत बोटीचं नाव कुठेच नाही, सगळीकडे नुसतं 'आमची बोट'.

तारखा मात्र पक्क्या आहेत. ३ जानेवारी १९४५ ला अक्याब, ब्रह्मदेशाचा अराकान किनारा. सगळे सकाळपासून तयारीत होते पण तोफा वाजल्याच नाहीत असं लिहिलंय. मी शोधलं तर खरंच तसंच होतं, जपानी सैन्य आधीच निघून गेलेलं त्यामुळे ठरलेला भडिमार रद्द झाला. हे जुळलं तेव्हा अंगावर काटा आला. मग १२ जानेवारीला म्येबॉन, तिथे दिवसभर तोफा. आणि २२ च्या आसपास कांगाव, तिथे बोट 'चावंगात' शिरली. हा शब्द मला लागेना, मोडी चुकीची वाचतेय असं वाटलं.

आमच्या घरी सगळ्यांना वाटायचं की स्टोकर म्हणजे कोळसा टाकणारा. तसं नव्हतं, त्या बोटींचे बॉयलर तेलावर चालायचे, पण गरमी तीच. वर काय चाललंय ते खाली दिसायचं नाही, म्हणून डायरीत लढाईपेक्षा आवाजच जास्त आहेत. तोफ सुटली की डोक्यावर कुणी पाटा आपटल्यासारखं व्हायचं, आणि खाडीत पाणी उथळ, कंडेन्सरमध्ये चिखल ओढला जाईल म्हणून चीफ ओरडत होता, ड्युटी संपवून वर आले तर दोन्ही काठांना तिवरं, अगदी आपल्या खाडीसारखी. ते वाक्य मी कितीदा वाचलंय.

आता मुद्दा. म्येबॉन आणि कांगावला आपल्या नर्बदा आणि जमुना या दोन्ही स्लूप (छोट्या युद्धनौका) होत्या. तोफा दोन्हींवर सारख्याच, चार-चार इंची, जोड्यांनी बसवलेल्या, त्यामुळे तोफांच्या वर्णनावरून काही कळत नाही. एका पानावर त्यांच्या मेसमधला जुना खलाशी सिसिलीच्या गोष्टी सांगतो असं आहे. जुलै १९४३ ला दोस्त सैन्य इटलीच्या सिसिली बेटावर उतरलं तेव्हा आपल्या सतलज आणि जमुना तिथे गेलेल्या, म्हणून मला जमुना वाटली. पण दुसरीकडे त्यांनी स्वतः लिहिलंय की बोट अजून नवी आहे. जमुना १९४१ पासून कामावर होती, नर्बदा १९४३ ची. म्हणजे तो खलाशी बदलून आला असेल तर नर्बदाच.

हे नुसत्या कुतूहलापोटी विचारत नाहीये. फाळणीनंतर जमुना आपल्याकडे राहिली आणि नर्बदा पाकिस्तानच्या वाट्याला जाऊन झेलम झाली, म्हणजे कागद कुठे शोधायचे तेही यावरच ठरेल.

आणि दुसरी गोष्ट. जानेवारी १९४६ पासून ते जेवणाबद्दल लिहितात, डाळ पाण्यासारखी, भातात खडे. शेवटची नोंद १७ फेब्रुवारीची, त्यापुढची पानं फाडलेली. १८ ला मुंबईतल्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावरून नाविकांचा उठाव सुरू झाला हे सगळ्यांना माहीत आहे. अप्पाआजोबा त्याच वर्षी गावी आले, परत गेले नाहीत, आणि का ते आजीलाही कधी सांगितलं नाही. पेन्शन नव्हती. त्यांना काढलं होतं की स्वतःहून सोडलं, हे मला कळायलाच हवं.

तर :
मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये ब्युरो ऑफ सेलर्स (नाविकांच्या नोंदी ठेवणारं नौदलाचं कार्यालय) आहे, तिथे १९४७ च्या आधीच्या नाविकाची माहिती मागून कुणाला मिळालीय का? आमच्याकडे सर्व्हिस नंबर नाही, फक्त नाव आणि गाव. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जावं का? आणि कुणाच्या घरी नर्बदा किंवा जमुनावरच्या खलाशांचा ग्रुप फोटो असेल तर प्लीज, प्लीज सांगा. मोडी येणाऱ्यांना दोन-तीन पानांचे फोटो व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवेन.

अपडेट : 'चावंग' कळलं, आभार! मोडी बरोबरच वाचली होती. ब्रह्मी भाषेत चौंग म्हणजे ओढा, खाडी. कांगावला जायची वाट दाइंगबॉन चौंगातूनच होती, म्हणजे जागाही जुळली. बोटीचं अजून बाकी आहे.